बंद पेटी घ्या

कायोले, ६ फेब्रुवारी

मुथेऊच्या बाबांना,

मुथेऊच्या आईचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. टाके सुकेपर्यंत तिला पाण्याचे डबे उचलू देऊ नका. ती ऐकायची नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. लागेल तितके दिवस राहा. गाडी मुसेम्बी चालवतोय. बापासारखाच एक हात खिडकीबाहेर टाकून चालवतो, तेवढं मला बघवत नाही.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही नुसतं हो-हो करता आणि मागाहून कळतं की भलत्यालाच हो म्हणालात. मागच्या खेपेला मी टायरचं विचारलं तर म्हणालात, "हो, मूग काढून झाले." तुमच्या गावच्या, म्विंगीच्या बसच्या कंडक्टरकडे हे पाकीट देते आहे.

आता कामाचं. आपले जुने स्पीकर फाटले. आमच्या न्झिओकांनी जायच्या आधी बसवले होते, म्हणून इतके दिवस मी हात लावू दिला नव्हता. मुसेम्बी म्हणतो, आता आवाज बसवायचा तर नीट बसवू, सबवूफर घालून. कायोलेची पोरं कुठल्या मटाटूत बसायचं ते आवाज ऐकून ठरवतात, समोरची गाडी धडधडत आली की आपली रिकामी असली तरी सोडतात. हे मीही पाहिलंय.

काल त्याने मला गाथोगो मिस्त्रीच्या अंगणात नेलं. पेट्या बनवतो तो. एकच स्पीकर, एकच अ‍ॅम्प, पण दोन पेट्या. एक सगळीकडून बंद, फटी-फटीत डिंक भरलेला. दुसरी जवळजवळ दुप्पट मोठी आणि तिला बाजूला एक लांबट तोंड ठेवलेलं. तिला तो पोर्टवाली म्हणतो. दोन्हींत तेच गाणं वाजवलं. बंद पेटीचा ठोका छातीवर मूठ आपटावी तसा आला आणि तिथेच संपला. पोर्टवालीचा आला तो जाईचना. तोंडातून असा वारा सुटला की माझा कमरेला गुंडाळलेला लेसो गुडघ्यापर्यंत उडाला, आणि मुसेम्बी हसत सुटला.

मी गाथोगोला म्हटलं, "बाबा रे, मला गाडीची मालकीण समजून सांग, पोरगी समजून नको."

तो म्हणाला, "आई, स्पीकर पुढेही हवा ढकलतो आणि मागेही. बंद पेटीत मागची हवा कोंडली जाते, ती स्पीकरला लगाम घालते. ठोका नेमका येतो, पण त्या मानाने लहान. पोर्टवालीत मागची हवाही बाहेर येऊन पुढचीला मिळते. तेवढ्याच विजेत आवाज कितीतरी मोठा. पण जागा खाते, आणि फार खालचा सूर दिलात तर स्पीकरला लगाम उरत नाही, फाटतो."

"तुझ्या गाडीत तू कुठली घातली असतीस?"

"माझ्याकडे गाडी नाही," तो म्हणाला.

पोर्टवाली घेतली तर मागच्या बाकाखालची सामानाची सगळी जागा जाईल. तुम्ही काय म्हणता ते कळवा. चालवायची तुम्हाला आहे.

मुसेम्बीची आई


कायोले, २४ फेब्रुवारी

मुथेऊच्या बाबांना,

तुमची चिठ्ठी पोचली. एवढा मोठा कागद, आणि त्यावर तीनच शब्द: बंद पेटी घ्या. का, ते लिहिलं असतंत तर मुसेम्बीपुढे मला काहीतरी बोलता आलं असतं.

रागावू नका, पोर्टवाली घेतली. मुसेम्बी म्हणाला, "आई, त्यांना काय, ते पुढे बसतात. पेटी मागे आहे. आणि चालवायला आवडत नसेल तर आता आराम करायचं वयच झालंय त्यांचं." मी त्याला दटावलं. पण खरं सांगायचं तर मलाही वाटलं की न्झिओकांच्या वेळचे आपण सगळेच जरा मागे पडलोय.

पहिल्या दिवशी थांब्यावर नुसता जत्रेसारखा गोंधळ. गाडी वळणावर यायच्या आधी आवाज आला, आणि पोरं आधीपासून रांगेत. ओपियो भाडं गोळा करत, दारात लोंबकळत ओरडत होता, "या, या, डॉक्टरकडे न जाता छाती तपासून घ्या." गल्ला वाढलाय. मागच्या पावसाळ्यापासून अडलेलं इंजिनाचं काम आता होईल.

भाजीवाली म्हातारी मात्र टोपली कुठे ठेवू म्हणून भांडली. तिला सांगितलं, मांडीवर घे.

तुम्ही आलात की ऐकालच. मुथेऊच्या आईला सांगा, तिने पाठवलेला मध मी एकटीने संपवला.

मुसेम्बीची आई


कायोले, ९ जून

मुथेऊच्या बाबांना,

किल्ली ऑफिसच्या टेबलावर ठेवून माणूस असा जातो का? आपली ओळख किती वर्षांची. न्झिओका गेले तेव्हा शवपेटीची पुढची बाजू तुमच्या खांद्यावर होती. एका दुपारच्या भांडणावर हे सगळं सोडून म्विंगीची बस धरायची, आणि मला कळतं कोणाकडून, तर चहावाल्याकडून.

मी चार फोन केले, उचलले नाहीत. मुथेऊने उचलला. म्हणाली, "काकू, बाबा शेतात आहेत." मागे तुमचं खोकणं ऐकू येत होतं.

बरं, बोलले मी. नाही म्हणत नाही. पण माझीही बाजू बघा. भाजीवाली म्हातारी पायरीवर होती आणि तुम्ही गाडी हलवलीत. ओपियोने थांबा म्हणून पत्र्यावर थाप मारली होती, सगळ्यांनी पाहिलं. ती पडली, मनगट मोडलं, तिचा मुलगा माझ्या अंगावर धावून आला, पोलीस जमले. अशा वेळी मालकिणीने काय करायचं, तुमची पाठ थोपटायची? दोन शब्द गेले असतील तोंडातून. थांब्यावर सगळ्यांसमोर गेले, एवढंच. तुमच्याही तोंडाला काही कुलूप नव्हतं. "मला ऐकू आलं नाही" एवढं म्हणालात आणि गप्प उभे राहिलात. गप्प राहणाऱ्या माणसावर राग जास्त येतो.

म्हातारीच्या प्लास्टरचं मी बघितलं. ती बरी आहे. तुम्ही परत या. मुसेम्बी तात्पुरता चालवतोय.

मुसेम्बीची आई


कायोले, ११ जुलै

मुथेऊच्या बाबांना,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही मागे लागणार नाही. फक्त कळवायचं म्हणून लिहिते.

गाडी छान चालली आहे. पोरांची रीघ आहे. मध्ये एकदा स्पीकर फाटला, कारण मुसेम्बीने कुठलंतरी नवं गाणं लावलं, त्यात इतका खालचा सूर होता की पेटीतून नुसता फडफडाट आला आणि मग काहीच नाही. गाथोगोने नवा घातला आणि मला म्हणाला, "आई, मी सांगितलं होतं." मी म्हटलं, "मलाच नको, माझ्या मुलालाही सांग." तो म्हणाला, "त्यालाही सांगितलं होतं, गाणं चालू होतं."

नर्सबाई आता आपल्या गाडीत बसत नाहीत. भाजीवाल्याही नाहीत. सकाळी ज्यांना तुम्ही नावानिशी हाक मारायचा त्यांतलं कोणी दिसत नाही. मुसेम्बी म्हणतो, त्यांच्या जागी दुसरे आलेत, संख्या तीच. ते खरं आहे.

मुथेऊच्या आईला नमस्कार. तिच्यावर माझा राग नाही.

मु. आई


कायोले, १७ ऑगस्ट

मुथेऊच्या बाबांना,

आज ओपियो घरी आला होता. काम सोडतो म्हणाला. मला वाटलं जास्त पैसे हवेत. मी त्याला चहा दिला, चपाती दिली, तो खाईना.

म्हणाला, "आई, मुसेम्बीबरोबर मला जमत नाही. तो थापेकडे लक्षच देत नाही. बाबा निदान प्रयत्न तरी करायचे."

"कसला प्रयत्न?"

तेव्हा त्याने सांगितलं. तुमचा एक कान कधीच गेलाय, आणि दुसराही अर्धाच उरलाय. त्याला हे ठाऊक होतं. तुम्ही त्याला शपथ घातली होती. तो म्हणाला, "मी पत्र्यावर जोरात मारायचो, इतका की हात सुजायचा. जुन्या स्पीकरमध्ये दोन ठोक्यांच्या मध्ये जागा असायची. त्या जागेत माझी थाप त्यांना कळायची, थोडी कानाने, थोडी स्टिअरिंगमधून. नवी पेटी आली आणि जागाच राहिली नाही. सगळा पत्रा सारखा थरथरतो. त्यात माझी थाप कुठली आणि पेटी कुठली, त्यांनी कसं ओळखायचं? ते आरशात बघून चालवायचे. त्या दिवशी आरशात पोरं लोंबकळत होती, म्हातारी दिसली नाही."

"तू मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का, आई? तुम्ही आधीच ओरडत होतात."

मग मी त्याला विचारलं की त्या दिवशी मी नेमकं काय म्हणाले होते. मला आठवत होतं. तरी विचारलं, कदाचित त्याला वेगळं आठवत असेल म्हणून. त्याने मान खाली घातली आणि जसंच्या तसं सांगितलं, तुमच्या नावासकट. "माउंडू, कान म्विंगीला विसरून आलात का? मग तिथेच जाऊन शोधा." आणि थांब्यावरची पोरं हसली होती. तेही त्याने सांगितलं.

मुथेऊचे बाबा, मला माहीत नव्हतं. हे वाक्य मी आज दिवसभर स्वतःशी म्हणते आहे. त्याने काही हलकं होत नाही.

ओपियोला मी हातापाया पडून थांबवलं आहे. गाथोगोकडे उद्या जाते.

मुसेम्बीची आई


कायोले, ५ ऑक्टोबर

मुथेऊच्या बाबांना,

तुमच्याकडून परत आल्यापासून कागद घेऊन बसते आणि उठते. आज लिहूनच उठायचं ठरवलंय.

इतक्या दिवसांनी मी दारात उभी राहिले, आणि तुम्ही जणू कालच भेटलो अशा आवाजात म्हणालात, "या, मुसेम्बीची आई, ऊन फार आहे." अंगणात तूर वाळत घातली होती. तुम्ही मला स्टूल दिलं, स्वतः चटईवर बसून शेंगा सोलायला लागलात. मी बसमध्ये सगळा रस्ता शब्द जुळवत आले होते. धीर सुटायच्या आत सगळं एका दमात बोलून टाकलं. तुमच्याकडे न बघता बोलले, त्या शेंगांकडे बघून. तुम्ही "हो, हो" म्हणत होतात. मला वाटलं, किती सहज माफ केलं या माणसाने. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग मुथेऊची आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अगं बाई, तू त्या बाजूला बसलीस होय? डाव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नाही. इकडे ये."

तुम्ही हसलात. म्हणालात, "काहीतरी बोलत होतात ना? मला वाटलं रस्त्याचं सांगताय."

मी उजवीकडे येऊन बसले. आणि तेच सगळं पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तर शब्द नव्हते. एकदा सांडलेलं पुन्हा भरता येईना. मुथेऊची आई समोर, तुम्ही इतके शांत. मी काय बोलले, तर पेटीबद्दल. पोर्टवाली काढून टाकली, गाथोगोकडून बंद पेटी करून घेतली, बाकाखाली पुन्हा टोपल्या राहतात, ठोका आला की संपतो. जोरात बोलले, बाजारात मूग विकावेत तशी.

तुम्ही म्हणालात, "चांगलं केलंत. कोणासाठी केलंत?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठी. परत या."

तुम्ही शेंग सोलून झाल्यावर उत्तर दिलंत. "मुसेम्बीची आई, पेटी बंद असो की पोर्टवाली, अर्ध्या कानाने लोकांची पोरं नेत होतो मी. तुम्हाला माहीत नव्हतं, मला होतं. एकदा दुसऱ्याची गाडी चालवली होती, तिच्यात तसली मोठी पेटी होती. तेव्हाच कळलं होतं मला. म्हणून चिठ्ठीत लिहिलं. का ते लिहिलं असतं तर काम गेलं असतं. म्हातारीचं मनगट त्या न लिहिण्याने मोडलं."

"असं नका म्हणू," मी म्हटलं.

"म्हणतो, कारण आहे तसं. आता चहा घ्या, गार होतोय."

मग तुम्ही मला तुरीचं गाठोडं बांधून दिलंत आणि बसपर्यंत पोचवायला आलात. वाटेत मी मुद्दाम उजवीकडून चालले. बस यायला उशीर होता, बोलायला जागा होती, तरी मी बोलले नाही. तुम्ही यंदाच्या पावसाबद्दल सांगत राहिलात.

तर डाव्या बाजूला बसून बोलले ते आता लिहिते. मी म्हणाले होते, तुम्ही न्झिओकांच्या मागे माझी गाडी सांभाळलीत, मला कधी जाणवू दिलं नाहीत की घरात पुरुष नाही. आणि मी तुम्हाला चारचौघांत ज्या गोष्टीवरून हिणवलं ती तुम्ही सगळ्यांत जास्त जपून ठेवली होती. मला ती माहीत नव्हती, पण तुम्ही मला ओरडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि मी तुम्हाला चूक करताना पाहिलं नव्हतं. मग त्या एका दिवशी मी आधी विचारायला हवं होतं, नंतर ओरडायला. मी विचारलंच नाही. मला माफ करा. एवढंच होतं. बाकी रडणं होतं.

मुसेम्बी विचारतो, "बंद पेटी त्यांच्यासाठी केलीस, ते येणार आहेत का?" मी सांगितलं, नाही. तो म्हणाला, "मग?" पोरं थोडी कमी झाली आहेत. नर्सबाई परत बसायला लागल्यात.

उत्तराची घाई नाही. आज माझ्या नावाने सही करते.

स्योकाऊ


कायोले, १९ जानेवारी

मुथेऊच्या बाबांना,

तुम्ही आला होतात म्हणे. आत्ता ओपियोने सांगितलं.

तुम्ही आणि मुथेऊ कानाच्या दवाखान्याकडून आपल्याच गाडीत चढलात. त्याने तुम्हाला पुढे बसा म्हटलं, तर तुम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलात, अगदी पेटीच्या वर. त्याने भाडं घेतलं नाही, तर तुम्ही ते सीटवर ठेवून उतरलात. मुसेम्बीने आरशात तुम्हाला ओळखलं आणि गाणं बंद करायला गेला, तेव्हा तुम्ही हाताने खूण केलीत की राहू दे.

ओपियोने विचारलं, "कशी वाटते, बाबा?" तुम्ही म्हणालात, "बरी आहे. कोणी बनवली?" तो म्हणाला, "गाथोगोने." तुम्ही म्हणालात, "त्याला सांग, बरी आहे."

दवाखान्यात काय म्हणाले ते त्याने विचारलं नाही. मी त्याच्यावर चिडले, आणि मग गप्प बसले, कारण कोणी विचारलं नाही म्हणून चिडायचा हक्क मला नाही.

तुम्ही आमच्या थांब्यावर उतरलात. मी घरीच होते, तांदूळ निवडत होते, दार उघडं होतं. इथून थांबा किती लांब आहे हे तुम्हाला माहीत आहे. न्झिओका असताना तुम्ही रोज चहाला यायचा.

ओपियो म्हणाला, "मुथेऊ म्हणत होती की म्विंगीची बस चुकेल. पण बाबा उभे राहिले. त्यांनी तुमच्या गल्लीकडे बघितलं, आई."

मी विचारलं, "किती वेळ?"

तो म्हणाला, "मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मला निघावं लागलं."

स्योकाऊ